न घासलेला रुपया

सुकलाल पाटलांनी मुंबईच्या टांकसाळीत तीस वर्षं नोकरी केली. पेन्शन घेऊन ते नंदुरबारजवळच्या आपल्या गावी, कोरीटला परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन कोट, एक छत्री आणि शिसवी लाकडाची एक पेटी होती. पेटी वीतभर लांब. आत काळ्या मखमलीत अकरा खळगे, आणि प्रत्येक खळग्यात चांदीचं एक नाणं.

त्यांची बायको कौसाबाई हिला त्या पेटीचा मनातून राग होता. तीस वर्षं ती कोरीटलाच राहिली होती. सासू-सासऱ्यांचं केलं, कापूस वेचला, मिरची खुडली, एकुलत्या मुलाला, भिलाला, वाढवून त्याचं लग्न लावून दिलं. नवरा यायचा दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. चार दिवस राहायचा आणि सुरतेच्या गाडीने परत जायचा. येताना लुगडं आणायचा, पोराला खेळणं आणायचा, पण बोलणं असं फारसं नाहीच. आणि त्या मुकाट्या माणसाने तिकडे पगारातून वाचवून वाचवून रीतसर पावत्या करून काय घेतलं, तर नाणी! ज्यांनी मीठसुद्धा आणायचं नाही अशी नाणी. कौसाबाई शेजारणीला म्हणायची, "माले सवत नही, पन सवतनी पेटी शे."

ते परतले त्या वर्षीची, म्हणजे १९३१ सालची धनतेरस. सुकलाल नंदुरबारच्या बाजाराला गेले होते. घर सारवून झालं होतं, देव्हाऱ्यातली भांडी लखलखत होती. पूजेला चांदी मांडायची, म्हणून कौसाबाईने पेटी काढली आणि उघडून बघते तर काय, निम्मी नाणी मळलेली. काहींवर तपकिरी झाक, काहींच्या कडेला पाण्यावर तेल पसरावं तसा निळा-जांभळा रंग.

"लक्ष्मीपुढे हे काळं तोंड घेऊन जाऊ?" ती स्वतःशीच म्हणाली. तिने चिंचेचा कोळ केला, चुलीतली राख चाळून घेतली, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडला आणि बसली घासायला. पहिलं नाणं धुऊन उन्हात धरलं तर डोळे दिपले. तिला फार बरं वाटलं. नवरा खूश होईल, असंसुद्धा वाटलं. दुसरं झालं, तिसरं झालं, आणि चौथं हातात घेते तोच सुकलाल ओट्यावर आले.

हातातली लाह्या-बत्ताशांची पिशवी तशीच धरून ते उभे राहिले. मग खाली बसले. घासलेलं एक नाणं त्यांनी दोन बोटांनी कडेला धरून उचललं, दाराच्या उजेडात कलतं केलं आणि परत ठेवलं.

"कितला व्हयनात?"

"तीन. बाकीना आते करस."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. पेटी मिटली, उचलली आणि आत नेऊन ठेवली.

एवढंच. ओरडणं नाही, आदळआपट नाही. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, पण ते अर्ध्या ताटावरून उठत होते. भाऊबीजेच्या दिवशी कौसाबाईने ताट पुढ्यात ठेवलं आणि तिथेच बसली.

"माले बोला, रागे भरा. पन असा मुका नका बसू. मी काय बिघाडं, ते तरी सांगा."

सुकलालांनी तिच्याकडे पाहिलं.

"चूक मन्ही शे," ते म्हणाले. "तीस वरीसमा मी तुले एकदाबी सांगं नही, का या पेटीमा काय शे."

जेवण झाल्यावर त्यांनी पेटी ओट्यावर आणली. कमरेच्या पिशवीतून बाजारातला एक साधा राणीछाप रुपया काढून तिच्या शेजारी ठेवला आणि पहिल्यांदाच आपल्या तीस वर्षांविषयी बोलायला लागले.

बाजारातला रुपया यंत्रातून लाह्यांसारखा उडतो, एकावर एक पडतो, पोत्यात भरला जातो, असं त्यांनी सांगितलं. ही अकरा नाणी तशी नव्हती. ही होती प्रूफ. त्यांच्यासाठी ठसा आरशासारखा घोटायचे, चांदीची कोरी चकतीही घोटायचे, आणि माणूस एकेक चकती हाताने ठेवून सावकाश दाब द्यायचा, तोही दोनदा. निघालेलं नाणं कडेला धरून उचलायचं. ते दुसऱ्या नाण्यावर कधी पडत नाही. म्हणून त्याची मोकळी जागा विहिरीच्या पाण्यासारखी काळी-स्वच्छ दिसते, आणि राणीचा चेहरा मात्र चमकत नाही. त्याच्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढरा मंदपणा असतो.

"साय शे ती," सुकलाल म्हणाले. "तिन्हावर राख घासी, तं साय कशी ऱ्हाई?"

कौसाबाईने घासलेलं नाणं पाहिलं, न घासलेलं पाहिलं. एका राणीच्या गालावर साय होती. दुसरीचा गाल घामेजल्यासारखा चकचकत होता. आणि त्या मोकळ्या जागेत, नीट पाहिलं तर, केसाएवढे बारीक ओरखडे होते, सगळे गोल गोल, तिच्या हाताच्या वळणाने गेलेले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती त्या जातीची बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती तीन नाणी फडक्यात बांधली आणि गाडी जुंपायला सांगितली.

नंदुरबारच्या बाजारात सत्तारभाईंचं दुकान होतं. बापजाद्यांपासून चांदीचे दागिने घडवणारं घर. डोंगरातल्या पावरा आदिवासी बायकांच्या रुपयांच्या माळा, कडी, वाळे, सगळं त्यांच्याकडचं. सत्तारभाईंनी डोळ्याला भिंग लावून तिन्ही नाणी पाहिली आणि मान हलवली.

"उजाळा चढवता येतो, बाई. चांदीवरून जे गेलं ते परत आणता येत नाही. मी काय, कोणीच आणणार नाही."

"मंग माले हाई शिकाडा," कौसाबाईने भिंगाकडे बोट दाखवलं.

सत्तारभाई हसले. पण ती हसत नव्हती, हे पाहून त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं आणि धरायचं कसं ते दाखवलं. पुढच्या वेळी आली तेव्हा त्यांनी एक जुनं, काठ उडालेलं भिंग तिला देऊनच टाकलं.

तेव्हापासून कौसाबाईच्या दुपारी बदलल्या. चूल आवरली की ती ओट्यावर बसायची. डावीकडे आपली बिघडलेली तीन, उजवीकडे शाबूत आठ. सुकलाल सांगायचे, ती बघायची. हात धुऊन पुसल्याशिवाय पेटी उघडायची नाही. नाणं धरायचं ते कडेला, तोंडावर बोट लागता कामा नये. आणि हातात नाणं असताना बोलायचं नाही, थुंकीचा बारीकसा थेंब उडाला तरी महिन्याने तिथे काळा ठिपका उमटतो. खाली मऊ फडकं पसरायचं, कारण हात सगळ्यांचे चुकतात. पावसाळ्यात पेटीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची आणि दर आठवड्याला बदलायची. रंग चढला तर चढू द्यायचा.

"तो मळ नही," सुकलाल म्हणायचे. "ते नाणानं वय शे. मानूसना केस पिकतस ना, तसं."

तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. अक्षरं तिला चित्रांसारखी दिसायची: काठीवालं, वाकडं, पोटवालं. पोटवाल्या अक्षरांनीच तिला मोठी गोष्ट शिकवली. खऱ्या प्रूफ नाण्यात अक्षराच्या पोटातली इवलीशी जागासुद्धा आरशासारखी असते, कारण आरसा ठशातच असतो. घासलेल्या बाजारी नाण्यात मोकळी जागा चमकते, पण फडकं काही त्या पोटात शिरत नाही, आणि तिथे चांदी आंधळी राहते. हे सुकलालांनी सांगितलं नव्हतं. बाजारातला एक रुपया मुद्दाम चिंचेने घासून, भिंगाखाली धरून ते तिनेच शोधून काढलं. सांगितलं तेव्हा सुकलाल दोन्ही नाणी घेऊन उन्हात गेले, खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "टांकसाळमा माले कोनी हाई सांगं नव्हतं."

त्या दिवशी कौसाबाईने भाकरी जरा जास्तच मोठ्या थापल्या.

चार-पाच वर्षं अशीच गेली. सुकलालांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पेटी तिच्याकडे आली. आता ती बघायची आणि सांगायची, ते ऐकायचे.

१९३८ सालच्या पौषात सत्तारभाईंचा निरोप आला. तळोद्याकडचे मोठे जमीनदार धनसिंग नाईक नाण्यांचे शौकीन होते. सुरतेचे व्यापारी चिमणशेठ त्यांच्यासाठी राणीछाप प्रूफ रुपये घेऊन येणार होते. किंमत भारी होती, म्हणून धनसिंगांना वाटलं, टांकसाळीत काम केलेल्या माणसाने आधी एकदा पाहावं. सौदा सत्तारभाईंच्या दुकानात व्हायचा होता.

"मन्हा डोया गयात," सुकलाल निरोप्याला म्हणाले. "पन आम्ही दोन्ही येतस."

दुकानात गादी घातली होती. धनसिंग जाडजूड, फेटा बांधलेले, चिमणशेठ किडकिडीत, काळी टोपी घातलेले. सुकलालांचा हात धरून आलेली बाई बाजूला बसेल असं दोघांनाही वाटलं होतं. सुकलाल म्हणाले, "नाईकसाहेब, माझे डोळे गेलेत. नाणी ही बघेल."

धनसिंगांनी सत्तारभाईंकडे पाहिलं. सत्तारभाई शांतपणे म्हणाले, "बघू द्या, साहेब. मी सुद्धा हिला विचारतो."

कौसाबाईने पदर सारखा केला. पाणी मागून हात धुतले, आपल्याच पदराला पुसले नाहीत, पिशवीतून स्वच्छ फडकं काढून त्याला पुसले. दुसरं फडकं गादीवर पसरलं. मग खिडकीकडे पाठ करून बसली, म्हणजे उजेड खांद्यावरून नाण्यावर पडेल. चिमणशेठांनी पाच रुपये पुढे केले. पहिल्या चारांवर मंद रंग चढलेला होता. पाचवा मात्र असा झगझगीत की छतावर त्याचा कवडसा नाचत होता. तो सगळ्यांत महाग.

ती एकेक रुपया कडेला धरून, भिंगाखाली, सावकाश फिरवत राहिली. बाहेर टांग्यांची खडखड चालली होती. चार रुपये तिने फडक्याच्या एका बाजूला ठेवले, पाचवा दुसऱ्या बाजूला, आणि भिंग खाली ठेवल्यावरच तोंड उघडलं.

"हाई चार खरा शेत. हाऊ पाचवा बाजारना रुपया शे. घासेल शे."

चिमणशेठ ताठ झाले. "बेन, जरा नीट बघा! पाचांत सगळ्यांत जास्त चमक त्याचीच आहे."

"म्हनीसनच तं सांगस, शेठ. चमक शे, साय नही." तिने रुपया त्यांच्याकडे सरकवला, भिंगही दिलं. "राणीना गाल दखा. चमकी ऱ्हायना का नही? तो चमकाले नको. आते त्या पोटवाला अक्षर दखा, त्यास्ना पोटमा. तठे अंधार शे. फडकं तठे पोचतच नही."

"पण तुम्ही हे एवढं खात्रीने कसं सांगता?" धनसिंगांनी विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, नवल होतं.

कौसाबाईने सुकलालांकडे पाहिलं. कोरीटमध्ये नाणी घासल्याची गोष्ट कोणालाही ठाऊक नव्हती. सुकलालांनी ती कधी घराबाहेर जाऊ दिली नव्हती. तिने कमरेची पिशवी सोडली आणि आपलं एक बिघडलेलं नाणं काढून चिमणशेठांच्या रुपयाशेजारी ठेवलं.

"हाई खरं प्रूफ व्हतं. मन्हा मालकनी मुंबईमा पैसा जोडीसन लिधं. मी चिंच लाईसन, राख लाईसन घासं, मन्हा या दोन्ही हातघाई. असा तीन. राख चांदीवर कसी चालस, ते मन्हापेक्षा कोनले मालूम ऱ्हाई?"

धनसिंगांनी दोन्ही नाणी आळीपाळीने भिंगाखाली धरली. गोल गोल ओरखडे. दोन्हींवर तेच. चिमणशेठांनीही पाहिलं. पाहताना त्यांचा चेहरा उतरत गेला आणि ते हळूच म्हणाले, "मी हा स्वतः प्रूफच्या भावाने घेतला होता. मला कोणी सांगितलं नाही." तो माणूस लबाड नव्हता. त्याला चकाकीने फसवलं होतं, इतकंच.

काम झालं होतं. कौसाबाई फडकं आवरायला लागली, आणि तिची नजर सत्तारभाईंच्या घडाईच्या पाटाशेजारी पितळी थाळीत पडलेल्या रुपयांवर गेली. वीसेक काळपटलेले राणीछाप.

"त्या कोनाना?"

"माझेच," चिमणशेठ म्हणाले. "एका घरातून गठ्ठ्याने आले. काळे आहेत, म्हणून रुपयाला रुपया सत्तारभाईंना देतोय, पैसे अजून घ्यायचेत. ते उजळून, कड्या लावून माळेत ओवतील."

तिने वाकून वरचा एक रुपया कडेला धरून उचलला. काळा-निळा, मध्ये गंजल्या तव्यासारखा तांबूस. पण कड तीक्ष्ण, चौकोनी. तिने तो कलता केला. काळेपणाखाली, खोल विहिरीच्या तळाशी पाणी हलावं तसं काहीतरी हललं. भिंग लावलं. राणीच्या गालावर साय होती, अख्खी, कोणी बोट न लावलेली. अक्षरांच्या पोटांत आरसे होते. आणि खाली साल होतं १८८५.

सालांचे आकडे ती ओळखायची. तिने घासलेल्या तिनांतला एक रुपया त्याच सालचा होता. तो सुकलालांना मिळायला सहा वर्षं लागली होती.

रुपयाला रुपया. तिच्या पिशवीत साधा राणीछाप होताच. "माले एक द्या, सत्तारभाई," एवढं म्हटलं असतं तर कोणी वर मानही केली नसती. पेटीतला खळगा भरला असता. शेजारी बसलेल्या नवऱ्याला तर दिसतही नव्हतं. तिचा हात पिशवीच्या नाडीपर्यंत गेला. मग तिला समोरचे चिमणशेठ दिसले, उतरलेल्या चेहऱ्याचे, ज्यांना आत्ताच तिने चारचौघांत खोटा रुपया उचलायला लावला होता. त्याच डोळ्यांनी आता त्यांचा खरा रुपया झाकायचा?

"शेठ," ती म्हणाली, "हाऊ माळमा ओवाना नही. हाई प्रूफ शे. तुम्ही आनात त्या पाचही रुपयासपेक्षा चांगलं."

दुकानात एकदम गलका झाला. चिमणशेठ उठूनच उभे राहिले. सत्तारभाईंनी भिंग लावून पाहिलं, "या अल्ला," म्हणाले आणि कपाळावर हात मारला. उद्या सकाळी त्यांनी तो रिठ्याच्या पाण्यात टाकला असता. धनसिंगांनी तिथल्या तिथे पाचव्याच्या जागी तो घेतला आणि चिमणशेठांनी सांगितलेली किंमत दिली. कौसाबाईलाही काही द्यावं म्हणून त्यांनी बटव्याला हात घातला.

"नको, नाईकसाहेब. एक करा. घर जाईसन आधी वहिनीसाहेबले सांगा, या नाणा काय शेत ते. मंग पेटी ठेवा."

धनसिंग मोठ्याने हसले आणि मग हसायचे थांबले. त्यांनी त्या बाईला वाकून नमस्कार केला.

दोघं गाडीतून परत निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरची वाळत पडली होती आणि तिचा तिखट वास हवेत होता. कौसाबाई म्हणाली, "तो पंच्याऐंशी सालना व्हता."

"माले समजनं व्हतं," सुकलाल म्हणाले.

"कसं? तुम्हले तं दिसस नही."

"तुन्हा श्वास थांबना. पाच रुपया दखात, तवय थांबना नही." त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला. "तू नही सांगती, तरी मी काही बोलतू नही. पन तू सांगं, ते बरं करं."

त्या रात्री घरात ते नेहमीसारखेच अबोल होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई पाणी घेऊन पारावरून येत होती, तर हा तीस वर्षांचा मुकाट माणूस पारावर दहा-बारा जणांमध्ये बसून हातवारे करून सांगत होता. दुकान कसं होतं, शेठ कसा ताठला, हिने भिंग कसं धरलं. जे त्यांना दिसलं नव्हतं तेही सांगत होते. पाच रुपयांचे तोवर पंधरा झाले होते. "टांकसाळना सायेब मी दखेल शेत," ते म्हणत होते, "पन अशी नजर नही दखी!" कौसाबाईने हंडा सावरला आणि पाऊल न थांबवता पुढे गेली. मान मात्र हंड्याच्या वजनाला लागते त्यापेक्षा जरा अधिक ताठ होती.

महिनाभराने दोंडाईच्याहून दोघे जण विचारत विचारत आले. ओट्यावर सुकलाल बसले होते.

"नाणी पारखणारे सुकलाल पाटील तुम्हीच का?"

"सुकलाल मीच," ते म्हणाले. "पारखणारी खळ्यात आहे. बसा." आणि त्यांनी आत वळून सुनेला हाक मारली, सासूला बोलाव म्हणून.

कौसाबाई खळ्यावरून आली ती कोपरापर्यंत लाल. मिरचीचे देठ खुडत होती. पाहुण्यांपैकी एकाने घाईने फडकं सोडलं आणि रुपया बोटांत धरून पुढे केला, राणीच्या तोंडावर अंगठा दाबून.

"खाले ठेवा तो," ती म्हणाली. "आधी मी हात धुईसन येस. आन तुम्हीबी धुवा."

दोघे पाहुणे निमूटपणे उठले आणि तिच्या मागोमाग मोरीकडे गेले.